चढती फेरी, उतरती फेरी

मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, "तीन झाल्या." दुसरा म्हणतो, "दोनच राहिल्या, भो!" पाय तेवढेच दुखतात, घामही तेवढाच येतो. पण पहिल्याच्या तोंडावर कमाई दिसते, दुसऱ्याच्या तोंडावर फिटत आलेलं कर्ज. पहिल्याला वाटलं तर जास्तीची एखादी मारता येते. दुसऱ्याला आकडा घरून निघतानाच ठरवावा लागतो.

नवशिक्या पोरांना प्रोग्रामिंगमधला लूप समजावताना हे दोन्ही पंथ कामी येतात. चढता काउंटर कुणालाही जमतो. 'आय' एकपासून सुरू, दहापर्यंत, दर फेरीला आय++. बालवाडीपासून घोकलेलं असतं, हात आपोआप चढतो. मग सांगावं, "आता दहापासून एकपर्यंत उतरा." पोरं सुरुवात दहा करतात, प्लस-प्लसचं मायनस-मायनस करतात आणि मधली अट मात्र तशीच ठेवतात : 'आय दहा किंवा दहाहून कमी असेल तोवर'. झालं! तीन, दोन, एक, शून्य, उणे एक, उणे दोन… आकडे पडद्यावरून धावत सुटतात. माणसाला उतर म्हटलं की जमिनीशी थांबायचं, हे सांगावं लागत नाही. संगणक लिहिलं तेवढंच वाचतो. जुन्या जीडब्ल्यू-बेसिकची तऱ्हा वेगळीच होती. 'फॉर आय = 10 टू 1' लिहून पुढे 'स्टेप -1' विसरलात, तर लूप एकदाही फिरत नसे. न निघालेला बरा की न थांबणारा, हे ज्याने त्याने ठरवावं.

त्याहून लबाड प्रकार सी भाषेत भेटतो. 8 बिटांच्या अनसाइन्ड काउंटरला शून्याखाली काही असतं हेच ठाऊक नाही. शून्यातून एक वजा केला की स्वारी थेट 255 वर. 'शून्य किंवा जास्त असेल तोवर' ही अट मग जन्मात खोटी ठरत नाही.

एवढा ताप असेल तर उतरायचंच कशाला? हजेरीच्या यादीतून गैरहजर नावं गाळायची आहेत असं धरा. वरून निघालात, तिसरं नाव गाळलंत, की चौथं सरकून तिसऱ्या जागी येतं. काउंटर मात्र चौथ्या जागेवर गेलेला. नेमका तो सरकलेला चौथाच गैरहजर असला तर बिनबोभाट हजर राहतो! शेवटापासून उलटं आलं तर सरकतात ती नावं आधीच तपासलेली असतात.

उतरत्या मोजणीला खरा थाट रॉकेटने दिला, तोही सिनेमात आधी : फ्रिट्झ लांगच्या 1929 च्या चंद्रप्रवासावरच्या मूकपटात. श्रीहरिकोट्याला तर शून्यानंतरही मोजणी थांबत नाही, तिथून ती चढू लागते. म्हणून काउंटडाउन लिहायला दिला की हमखास प्रश्न येतो, "सर, शून्य छापायचं का?" रॉकेट उडवायचं असेल तर छापा, अट 'शून्य किंवा जास्त'. नुसते दहा ते एक आकडे हवे असतील तर 'शून्याहून जास्त'.