लाडूची कात

शेजारच्या वहिनी शिकागोहून परत आल्या त्या बदाम, चॉकलेटं आणि एका अजगराची हकिगत घेऊन. बदाम-चॉकलेटं पहिल्याच दिवशी भिंतीवरून इकडे आली. अजगर मात्र हप्त्याहप्त्यानं येतोय. त्या सकाळी कपडे वाळत घालायला आल्या की मी कढीलिंब तोडायचं निमित्त काढून भिंतीशी जाते. सांगलीच्या विश्रामबागेत दोन घरांमधल्या भिंती एवढ्यासाठीच कमरेइतक्या ठेवत असावेत. कढीलिंबाचा मात्र पार खराटा झालाय.

"अजगर? आणि घरात?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"घरात म्हणजे नातवाच्या खोलीत. काचेच्या पेटीत. बॉल पायथन म्हणतात तिकडे. अजगराच्याच जातीचा, पण बारका. फार वाढला तर चार-पाच फूट. विष नाही. भ्याला की डोकं पोटाशी घेऊन गोल होतो, म्हणून नातवानं नाव ठेवलंय लाडू."

"आणि तुमच्या सुनेला चालतं?"

"सुनेला साप चालतो हो. सापाचं जेवण चालत नाही." वहिनींनी आवाज खाली आणला. "मेलेले उंदीर, ताई. गोठवलेले. पाकिटात मिळतात. एका फ्रीजरात माझा ओल्या नारळाचा चव आणि खालच्या कप्प्यात ते! मी दुसऱ्या दिवशी मुलाला म्हटलं, एक तर मी राहीन या घरात नाही तर ती पाकिटं. तेव्हा गॅरेजमध्ये छोटा फ्रीज आला."

माझं माहेर बत्तीस शिराळ्याचं, त्यामुळे सापाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. आमच्याकडे नागपंचमीच्या आधी लोक रानातून नाग धरून आणायचे, मडक्यात ठेवायचे, पूजा आणि मिरवणूक झाली की सोडून द्यायचे. कोर्टानं ते बंद केलं. त्यावर आजही माहेरी दोन तट आहेत आणि जेवताना हा विषय काढायचा नाही असा अलिखित नियम. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं गुन्हाच. धामण ठेवली तरी वनखातं दारात उभं राहील, आणि राहावंही. पण वहिनींच्या नातवाचा लाडू पश्चिम आफ्रिकेच्या जातीचा, जन्मलेला अमेरिकेतच, दुकानातून रीतसर आणलेला. तिकडे त्याला कुणाची हरकत नाही.

"आफ्रिकेत त्याचं देऊळ आहे म्हणे," वहिनी म्हणाल्या. "बेनिन नावाचा देश आहे, तिथं विदा गावात. नातवानं व्हिडिओ दाखवला. देवळात हेच अजगर पसरलेले. बाहेर पडून लोकांच्या घरात शिरले तर लोक उचलून परत आणून ठेवतात. मारत नाहीत."

हे ऐकून मला शिराळ्याच्या वतीनं उगाचच बरं वाटलं.

तर मुद्दा कातीचा. जानेवारीत लाडूचा रंग उतरला. काळ्या-तपकिरी नक्षीवर धूळ बसल्यासारखं दिसायला लागलं, पोट गुलाबीसर झालं, आणि उंदीर समोर धरला तरी तोंड फिरवायला लागला. मग डोळे निळसर-पांढरे झाले. वहिनींच्या यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय, त्यामुळे वहिनींचं निदान तयार होतं.

"मी म्हटलं, याला मोतीबिंदू झाला. नातू हसला. म्हणाला, आजी, तो कात टाकणार आहे. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पाणी सुटतं, म्हणून डोळे असे दिसतात. सापाला पापण्या नसतात ना, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. तोसुद्धा कातीबरोबर निघतो. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, म्हणून तो बिथरलेला असतो. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही."

हे मला ठाऊक होतं. डोळे असे झालेल्या सापाच्या वाटेला जाऊ नये, असं आमचे आजोबा सांगायचे. कारण ते वेगळंच द्यायचे, ते इथे सांगण्यासारखं नाही.

चार-सहा दिवसांनी डोळे परत स्वच्छ झाले. वहिनींना वाटलं, संपलं. पण खरा प्रकार त्यानंतर असतो. डोळे निवळले की काही दिवसांत साप नाक कशावर तरी घासतो, ओठापाशी कात सुटते, आणि मग तो तिच्यातून पुढे सरकत जातो. कात पायमोजा काढावा तशी उलटी होत मागे राहते, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. आमच्या माहेरी दगडी गडग्यात अशा काती पुष्कळ सापडत. आई त्यातली एखादी ट्रंकेत पैशांच्या डब्यात ठेवायची, बरकत येते म्हणून. बरकतीचं सोडा, पण अखंड कात म्हणजे साप धडधाकट, एवढं मात्र खरं.

लाडूची अखंड निघाली नाही.

"चिंध्या, ताई! सकाळी बघते तर पेटीभर चिंध्या, आणि अर्धी कात अंगावर तशीच. पाठीवर पापुद्रे, शेपटीच्या टोकाला घट्ट वळं, आणि एका डोळ्यावर जुना खवला तसाच. नातवानं ते तुकडे उजेडात धरून पाहिले. डोक्याच्या तुकड्यात डोळ्याच्या जागी बारीक काचेसारखी चकती दिसायला हवी. एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला भोक."

"मग ओढून काढायचं की."

"तेच मी म्हटलं! माझे हात नुसते शिवशिवत होते. उन्हानं पाठ सोलते तेव्हा आपण ओढतोच की नाही? पण नातू म्हणाला, कोरडी कात ओढली तर खालची नवी कातडी फाटते. आणि डोळ्यावरचं चिमट्यानं काढायला गेलं तर डोळाच जायचा."

वहिनींना चैन पडेना. त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणली. तेलानं चालत नाही, कात भिजायला पाणीच लागतं, म्हणून ती बाटली परत गेली. मग त्यांनी हळद सुचवली. त्यांचा मुलगा काही न बोलता खोलीबाहेर गेला.

आता हे झालं कशानं? साप तरुण, खातापिता, अंगावर गोचीड नाही, जखम नाही. दोष हवेचा होता. शिकागोच्या हिवाळ्यात बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली. तेवढ्या थंड हवेत ओलावा मुळातच कमी असतो, आणि तीच हवा घरात घेऊन तापवली की ती आणखी कोरडी होते. त्यात लाडूच्या पेटीला वर जाळीचं झाकण आणि झाकणावर उष्णतेचा दिवा. आत जो काही दमटपणा असेल तो जाळीतून थेट छताकडे.

"माझ्या टाचा फुटल्या, ओठ फुटले, ह्यांच्या नाकातून रक्त आलं आणि लाडूची कात अडकली," वहिनी म्हणाल्या. "एकाच हीटिंगचा प्रताप. पेटीत ओलाव्याचा काटा लावलेला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिसाच्या आसपास होता. त्याला साठ तरी लागतो, कात टाकताना त्याहून थोडा वर."

सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टरीण तिकडे वेगळी असते. तिला फोन झाला. तिनं सांगितलं ते एवढंच: पाण्यात बसवा, ओल्या कापडातून जाऊ द्या, शेपटीचं वळं तेवढं निघालंच पाहिजे, डोळ्याला हात लावू नका. शेपटीचं का, तर ते वाळून आवळत जातं, टोकाला रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून गळतं. डोळ्याचं मात्र थांबण्यासारखं असतं. हवा नीट ठेवली तर पुढच्या कातीबरोबर बहुधा दोन्ही खवले एकदमच निघतात. तरीही राहिलंच, तर मग दवाखान्यात आणा.

मग आंघोळीची तयारी. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. पाणी वहिनींनी काढलं, कारण घरातली बाळंतपणं त्यांनीच केली आहेत. कोपर बुडवून पाहिलं, छान कोमट.

"नातवानं थर्मामीटर घातला आणि सगळं ओतून दिलं! म्हणे, आजी, तुला कोमट लागतं ते त्याला कढत. त्याला अठ्ठावीस-तीसच्या मधलं हवं. मी हात घातला तर मला चक्क गार लागलं. पाणी तरी किती? त्याच्या पोटाला लागेल एवढंच. जास्त असलं तर पोहून पोहून दमतो, बुडूही शकतो. वीसेक मिनिटं, आणि सगळा वेळ कुणीतरी समोर बसायचं."

समोर बसायचं काम अर्थातच वहिनींकडे. बाथरूमच्या कमोडवर झाकण पाडून त्या बसल्या, हातात जपमाळ. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लाडू त्यांच्याकडे टक लावून बघत होता. पापण्या नसल्यावर दुसरं काय करणार बिचारा.

"१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी साप घेऊन काचेच्या खोलीत बहात्तर तास बसले होते," मी म्हटलं. "तुम्ही एका बिनविषारी सापाबरोबर बाथरूममध्ये. कात्रजच्या सर्पोद्यानात तुमचाही फोटो लावायला हरकत नाही."

"चेष्टा करा. पण त्यांना त्यातल्या एकाला तरी आंघोळ घालावी लागली का?"

पाण्यातून काढल्यावर जुना टर्किश टॉवेल भिजवून, पिळून, सैल मुठीत धरायचा आणि सापाला त्यातून सरकू द्यायचं. जोर त्याचा, आपण नुसतं धरायचं. भिजलेले पापुद्रे टॉवेलला चिकटून येतात. नाही आले तर ओढायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. पाठीवरचे लगेच निघाले. शेपटीचं वळं दमवत होतं. शेवटी ते एकदाचं निघालं तेव्हा नातवानं ओल्या बोटांनी नुसतं लोटलं आणि ते सरकन टोकावरून घसरलं.

"मी टाळ्या वाजवल्या," वहिनी म्हणाल्या. "खालची कातडी किती सुंदर असते, सांगू? पैठणीच्या दुकानात दिव्याखाली..." आणि मग त्यांना कोणाच्या तरी लग्नातली पैठणी आठवली. तो विषय वेगळा आहे, आणि त्यातली नवरीकडची बाजू मला मान्य नाही.

सगळ्यात गंमत पेटीच्या दुरुस्तीची. झाकणाची अर्धी जाळी फॉइलनं झाकली, म्हणजे ओलावा कोंडून राहील पण हवा खेळेल. पाण्याचं भांडं मोठं आणलं. नाक घासायला झाडाच्या सालीचा खरबरीत तुकडा ठेवला. एका डब्याला भोक पाडून त्यात ओलसर मॉस भरलं, आपण नर्सरीतून ऑर्किडसाठी आणतो तसलंच. कात टाकायच्या दिवसांत साप त्यात जाऊन बसतो. आणि तळाला लाकडाच्या कोरड्या भुशाऐवजी दुसरं काहीतरी घातलं. त्या पाकिटावरची किंमत वहिनींनी डॉलरमधून रुपयात करून पाहिली आणि त्यांना घेरी यायची बाकी राहिली.

"काय होतं माहितीये? नारळाच्या सोडणाचा भुसा! आपण बंबात घालतो ते! ओलावा धरून ठेवतो म्हणून सापाला घालतात. मी मुलाला म्हटलं, कोकणात तुझ्या मावशीच्या परड्यात याचा डोंगर पडलाय. तर म्हणतो, आई, हा तिकडूनच येतो."

अर्थात ओलं करायचं म्हणजे चिखल करायचा नाही. सतत ओल्यावर साप पडून राहिला तर पोटाला फोड येतात, गारठ्यात छाती भरते. सून उत्साहानं सारखं पाणी फवारत होती, तिला थांबवावं लागलं. सुनेबद्दलचं हे वाक्य वहिनींनी पुन्हा एकदा सांगितलं.

मार्चमध्ये लाडूचे डोळे पुन्हा निळे झाले. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. डोळे निवळले, तो मॉसच्या डब्यात शिरला, आणि एका सकाळी डब्याच्या भोकातून कात बाहेर आलेली, अखंड. डोक्याकडे दोन्ही चकत्या जागेवर, आणि त्यातली एक जाड, कारण तिच्यात मागची राहिलेलीही होती. लाडू पलीकडे भुकेला बसलेला. ताणली गेल्यामुळे कात सापापेक्षा लांब भरते, त्यामुळे वहिनी आता लाडू सहा फुटांचा असल्याचं सांगतात. चार फुटांचा असेल.

"मग कात आणलीत का?" मी विचारलं. माझा स्वार्थ होता. आईची ट्रंक आता माझ्याकडे आहे.

"आणणार होते हो, तुमच्यासाठीच! साडीच्या घडीत ठेवलीही होती. मुलानं बॅग उघडून काढली. म्हणाला, या जातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियम आहेत. नुसत्या कातीलासुद्धा परवाना लागतो. मुंबईच्या कस्टमला काय सांगशील, बरकतीसाठी आणली म्हणून?"

त्यांनी फोनवर फोटो दाखवला. जेवणाच्या टेबलावर कात पसरलेली, बाजूला मोजपट्टी, आणि कोपऱ्यात सुनेचा फक्त हात दिसतोय, "उचला" म्हणून खूण करणारा.

पुढच्या हिवाळ्यात वहिनी पुन्हा तिकडे गेल्या की मुलगा-सून नातवाला घेऊन आठवडाभर फ्लोरिडाला जायचं म्हणताहेत. लाडूला आजीकडे ठेवून. वहिनींनी मुलाला फोनवरच अटी घातल्या, मला इकडे भिंतीवरून ऐकू आल्या. आंघोळ घालीन, मॉस ओलं ठेवीन, काटा बघीन, रात्री उठून दिवाही बघीन. गॅरेजमधला फ्रीज मात्र उघडणार नाही. त्याचं जेवण जायच्या आधी आटपा, नाही तर त्याला तेवढा आठवडा चातुर्मास पाळू दे.

नातू तिकडून म्हणाला असावा की चालेल, एवढं मोठं जनावर दोन-दोन आठवडे जेवत नाही. कारण फोन ठेवल्यावर वहिनी जरा हिरमुसल्यासारख्या दिसल्या.