मोहीम, नाश्त्यासह

हल्ली समुद्रपर्यटनालाही ‘मोहीम’ म्हणायची फॅशन आहे. एखाद्या खंडाच्या पश्चिम किनाऱ्याने जहाज न्यायचं, दुपारी तज्ज्ञांचं व्याख्यान ऐकायचं, रबरी होडीतून उतरून किनाऱ्याला घटकाभर पाय लावायचे, की परत बुफेच्या रांगेत. छातीचा कोट करावा लागतो तो फक्त बिल बघताना.

जव्हारजवळच्या शिरपामाळावर मात्र हा शब्द जरा जपून वापरावा. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांना शिरपेच चढवून मान दिला, असं इथे सांगतात. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज पश्चिम किनाऱ्याने आरमार घेऊन थेट कर्नाटकातल्या बसरूर बंदरावर धडकले. ८५ गलबतं, ३ मोठी जहाजं. परतताना गोकर्णाचं दर्शनही झालं. म्हणजे कार्यक्रमात ‘तीर्थदर्शन’ तेव्हाही होतंच. तिकिटाचे पैसे तेवढे बसरूरच्या व्यापाऱ्यांकडून वसूल झाले.

आजच्या हौशी मोहीमवीरांनी मे महिन्यात जव्हारशेजारच्या मोखाडा तालुक्यातही यावं. मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो. बायका काठावर ओणव्या होऊन गढूळ पाणी ओढतात, डोक्यावर दोन हंडे चढवून उतार उतरतात. जहाजावर त्या वेळी तरणतलावाची वेळ झालेली असते.

या मोहिमेला तिकीट नाही, बुफे नाही. हंडा मात्र ज्याचा त्याने आणावा.