फरशीखाली काय पुरलंत, मिस्त्री?

मिस्त्री,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. कोथरूडचा हा फ्लॅट ज्यांच्याकडून आम्ही विकत घेतला, त्यांनाही ते आठवलं नाही. पण तुमची तारीख मला सापडली. बाथरूमच्या फरशीखालच्या राबिटात सिमेंटच्या गोणीचा एक ओला तुकडा निघाला. त्यावर आठवडा आणि साल छापलेलं होतं : 14/2009. सिमेंट किती जुनं आहे हे वापरणाऱ्याला कळावं म्हणून ते छापतात. तुम्ही ती गोणीच आमच्या स्लॅबवर पुरून गेलात.

आम्ही नवरा-बायको नोकरदार माणसं. यंदा मे महिन्यात दोघांनी रजा काढून हे बाथरूम स्वतःच्या हातांनी नवं करायला घेतलं. इमारत 1988ची आहे. भिंतींवर तुमच्या बदामी टाइल आणि मधोमध डॉल्फिनची हायलायटर पट्टी. त्या काळी घरोघरी तेच लावत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुनं दिसतं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. जुन्याच्या आड तुम्ही जे लपवलंत, त्यासाठी हे पत्र आहे.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं हातोड्याच्या दांड्यानं भिंत वाजवून पाहिली. पक्की बसलेली टाइल टणटणीत वाजते. तुमच्या भिंतीवर दहातल्या सात टाइल बद्द वाजल्या. छिन्नी लावायचीही गरज पडली नाही, नखानं कड धरली आणि अख्खी टाइल हातात आली. मी ती उलटी करून पाहिली. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, असे मालाचे पाच लाडू, बाकी पाठ कोरी. खाली 1988ची सहा बाय सहाची पांढरी टाइल होती. तिला तुम्ही टोचेही मारले नव्हते. त्या गुळगुळीत टाइलवर पाच लाडू थापून तुम्ही पुढची टाइल दाबून बसवलीत. मधल्या पोकळीत सांध्यांतून पाणी झिरपत राहिलं. टाइल निघाली तेव्हा आत काळा चिकट थर होता आणि असा वास आला की आम्ही दोघंही बाहेर पळालो.

पण भिंत एक वेळ मी सोडून देईन. फरशीचं नाही सोडणार.

मूळ बांधणाऱ्यानं खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा केला होता. तुकडे लावायचे, सांध्यांत माल भरायचा, वर पाणी साठवून दिवसच्या दिवस मुरवायचं, असं ते कष्टाचं काम. देशी संडास काढून कमोड बसवताना तुम्ही तो कोबा फोडलात. फोडणं भागच होतं, मान्य. पण पुन्हा केला नाहीत. त्या खड्ड्यात फुटकं बेसिन, जुन्या टाइलचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, ती गोणी असं सगळं लोटलंत, वर दोन इंच माल ओढलात आणि नवी फरशी घातलीत. खोदल्यावर आत चार बोटं पाणी उभं होतं. त्यात जस्ती पाइपाचा एक जोड बुडालेला होता आणि त्यावर लुकणाचा गोळा चिकटवलेला होता. जोड गळतोय हे तुम्हाला दिसलं होतं, मिस्त्री. म्हणूनच लुकण लावलंत ना? आटे नीट पाडून, सुतळी आणि सफेदा लावून तो जोड पुन्हा बसवायला कितीसा वेळ लागला असता?

त्या चार बोटं पाण्याचं पुढं काय झालं, ते सांगते. पाणी स्लॅबमध्ये उतरलं. आतल्या सळ्या गंजल्या. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. ती मिळाली नाही की काँक्रीट फोडून घेतो. आमच्या खालच्या मजल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू एकट्या राहतात. एका पहाटे त्यांच्या बाथरूमच्या छताचा पोपडा सुटला तो बादलीवर पडला. बादली फुटली. काकू टॉवेल आणायला खोलीत गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. आम्ही गेलो तेव्हा बादलीचे निळे तुकडे त्यांनी वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. छताकडे बोट दाखवून त्या एवढंच म्हणाल्या, “दर दिवाळीला रंग लावते गं मी.”

गच्चीतून पावसाचं पाणी आलं तर दुरुस्ती सोसायटीनं करायची आणि सभासदाच्या बाथरूममधून आलं तर सभासदानं स्वखर्चानं, हे आदर्श उपविधीतलं तत्त्व गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी शिकावं लागतं. काकू तेच आधीच्या मालकांना सांगत राहिल्या. मालक म्हणत राहिले, आमचं बाथरूम तर नवंकोरं आहे. तुमच्या चकचकीत टाइलकडे बघून त्यांना ते खरंच वाटत होतं. जिन्यात समोरासमोर आले तरी ही दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. काकूंना ‘कटकटी बाई’ हे नाव पडलं. खरं बोलणारी बाई इतकी वर्षं सोसायटीत खोटी ठरली, आणि तुम्ही तर पैसे मोजून घेऊन कधीच निघून गेला होतात.

उताराबद्दल थोडक्यात लिहिते. तांब्याभर पाणी ओतलं की ते जाळीकडे न जाता दाराकडे धावायचं. तुमच्याकडे पाणसळ नव्हती का? आणि जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधली वाटी तुम्ही काढून टाकलीत, पाणी लवकर जावं म्हणून असेल. त्या वाटीमुळे ट्रॅपमध्ये पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास आणि झुरळं घरात येत नाहीत. देशभरातले प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, तो शब्द आपल्या न्हाणीवरून गेलेला. त्या न्हाणीच्याच मुलखात तुम्ही ती वाटी फेकून दिलीत आणि पुढच्या माणसांना जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवायला लावलंत.

आता मुख्य गोष्ट. ही लिहिताना अजून माझा हात थरथरतो.

इथे राहायला आल्यापासून सासूबाई म्हणायच्या, “नळाला झिणझिण्या येतात गं.” आम्हाला वाटायचं, वयामुळे हात बधिर होत असतील. आम्ही त्यांना डॉक्टरकडेही नेऊन आणलं. टाइल काढताना गीझरचा बोर्ड सैल झाला म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, क्षणभर गप्प राहिला आणि आम्हाला जवळ बोलावलं. सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे काही जोडलेलंच नव्हतं. हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली होती. तिचं टोक कापून, काळी पट्टी गुंडाळून मागे दुमडून ठेवलेलं होतं. मूळ घरात अर्थिंग होतं, मिस्त्री. ते तुम्ही कापलंत. नवा बोर्ड लावताना वायर आखूड पडली असेल, वीतभर तुकडा जोडायचा कंटाळा आला असेल. गीझरच्या कॉइलमधून गळणारी वीज ज्या वाटेनं जमिनीत जायची, ती वाट बंद झाली. मग ती नळावाटे ओल्या हाताच्या म्हातारीकडे गेली. सासूबाई खरं सांगत होत्या. त्या आज आहेत, हे आमचं नशीब. त्यात तुमचं श्रेय काही नाही.

तुमची बाजू मी मनात मांडून पाहिली. मालकानं घासाघीस केली असेल, घरात कार्य आहे, आठ दिवसांत उरका म्हणून पाठी लागला असेल. तसं असेल तर दोष त्याचाही आहे. पण ‘एवढ्यात कोबा होणार नाही’ हे वाक्य उच्चारायला पैसे लागत नाहीत. डॉल्फिनची पट्टी कमी केली असती तर अर्थिंगच्या वायरचे पैसे निघाले असते, हे मालकाला समजत नव्हतं. तुम्हाला समजत होतं. समजणाऱ्यानं बोलायचं असतं.

आम्ही दोघं काही कारागीर नाही. मलवाहिनीचे जोड प्लंबरकाकांनी केले, वीज वायरमननं. बाकी सगळं आम्ही केलं. मास्क लावून, भिंती ओल्या करून फोडकाम केलं, कारण ती धूळ फुप्फुसात बसते. राबिटाच्या गोण्या तीन जिने उतरवल्या. कोबा नव्यानं घातला, कोपऱ्यांत गोलसर वाटे मारले, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, एक उभा आणि एक आडवा. उतार पाच फुटांत पाऊण इंच ठेवला. टाइलच्या पाठीवर दातेरी थापीनं सगळीकडे माल पसरला. पहिल्या दिवशी आमच्या जेमतेम नऊ टाइल बसल्या. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं सिमेंटनं सोलली आहेत. म्हणून मला आता ठाऊक आहे की हे काम नीट करायला किती वेळ लागतो. फार लागतो. पण अशक्य नाही.

फरशी घालण्याआधी जाळीला बोळा मारून आम्ही अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवलं. भिंतीवर खडूनं रेघ ओढली. दुसऱ्या रात्री काकूंचा नातू शिडीवर चढून टॉर्चच्या उजेडात छत चाचपत होता. खालून काकू विचारत होत्या, “ओल आहे का रे?” तो म्हणाला, “नाही आजी, कोरडं आहे.” काकूंनी त्याला पुन्हा एकदा हात फिरवायला लावला.

वायरमननं, वीज गळताच पुरवठा तोडणारं 30 मिलिअँपियरचं आरसीसीबीही बसवून दिलंय. आमच्यापुरता प्रश्न मिटला. पण 2009 साली तुम्ही फक्त आमचंच बाथरूम केलं नसणार. याच इमारतीत, याच गल्लीत तुमची आणखी कामं असतील, आणि तिथेही कुणी म्हातारं माणूस म्हणत असेल की नळाला झिणझिण्या येतात. तुम्ही कुठं कुठं काम केलंत ते तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही. त्या घरी जा. टाइलचं, कोब्याचं नंतर बघा. आधी गीझरचा बोर्ड उघडा आणि ती हिरवी वायर जोडा.

कोथरूडमधली, तिसऱ्या मजल्यावरची
एक घरमालकीण