तडा : दुरुस्ती की पुनर्विकास?

वरळीच्या बीडीडी चाळींच्या आवारात तडा हा विषय कोणासही नवा नाही. 1920 साली, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, मुंबई सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे जे खाते उघडले, आणि कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ज्या 207 चाळी उभारल्या, त्यांपैकी 121 एकट्या वरळीच्या वाट्याला आल्या. आणि त्यांतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या नांदल्या, त्यांना भिंतीवरील भेगेचे वय, कूळ आणि स्वभाव नुसत्या नजरेने सांगता येतो. सबब माझ्या मोटारीच्या पुढील काचेस पुन्हा तडा गेल्याचे वर्तमान पसरताच भोवती जे इसम जमले, त्यांना बघे म्हणणे अन्यायाचे होईल. ते या शास्त्रातील अधिकारी पुरुष होते.

तडा कशाने गेला, याची चौकशी लांबली नाही. 2017 साली भूमिपूजन झालेल्या आणि 2021 साली खऱ्या अर्थाने कुदळ लागलेल्या चाळींच्या पुनर्विकासाने जी. एम. भोसले मार्गावर डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर यांची जी अखंड वारी सुरू केली आहे, तिच्यातील एखाद्या वारकऱ्याच्या मागील जोडचाकांत अडकलेला खडीचा दाणा यथावकाश सुटतो आणि मागून येणाऱ्या सद्‌गृहस्थाच्या काचेवर येऊन टेकतो. खडी ताडपत्रीने झाकून न्यावी असा हुकूम आहे, आणि ताडपत्री असतेही; ती व्यवस्थित घडी घालून केबिनच्या टपावर ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. पुढील व मागील काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभरावा नियम फर्मावतो. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाच्या आधारे काळ्या फिल्मा उतरवावयास लावल्या. प्रकाशकिरण काचेतून कसा जावा याची टक्केवारी इतक्या सूक्ष्मतेने ठरवणाऱ्या सरकारास खडी काचेवर येऊ नये ही बाब मात्र प्रत्येक नागरिकाच्या खाजगी नशिबावर सोपवावीशी वाटली, यात मला राज्यकारभाराची एक सुसंगत दृष्टी दिसते.

आता प्रश्न उरला दुरुस्तीचा की पुनर्विकासाचा. आमच्याकडील निवृत्त गिरणीकामगार, ज्यांना सारे आवार मामा म्हणते, एरवी दुरुस्तीच्या पक्षाचे. त्यांनी काचेवरून अंगठ्याचे नख फिरवले, खळगा जाणवतो तेथे क्षणभर थांबले, आणि फैसला दिला : "दगडाचाच आहे. नाण्याएवढा असता तर राळ भरून भागलं असतं. आता काठाला लागला, आता तो थांबायचा नाही." विद्वानांचे मतही निराळे नाही. तडा वाढला तरी काच विखुरत मात्र नाही, आणि त्याचेही कारण आहे. 1903 च्या सुमारास एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून, की फळीवरून, एक चंबू पडला आणि आतील सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ थरामुळे फुटूनही विखुरला नाही. त्या अपघातातून दोन काचांमध्ये चिकट पारदर्शक पापुद्रा बसवलेली काच जन्मास आली. आपल्याकडे नियमांतील 1993 च्या दुरुस्तीने अशीच काच पुढे बसवणे नंतरच्या गाड्यांना सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची काच फुटली म्हणजे एका क्षणात खडीसाखर होऊन मांडीवर येत असे. आताची काच फुटते आणि तरीही जागेवर राहते. चाळींचेही वर्षानुवर्षे हेच चालले होते.

अधिकृत विक्रेत्याच्या दुकानातील तरुण मात्र सर्वस्वी पुनर्विकासवादी निघाला. "सर, सेफ्टीचा प्रश्न आहे, पूर्ण काचच बदलून टाका, क्लेममध्ये बसतं," असे तो इतक्या मायेने म्हणाला की मला गहिवरून आले. बसते हे खरे. मोटारीच्या विम्यात रबर आणि प्लास्टिक यांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी कापली जाते, परंतु काचेस घसारा नाही; काच कधी म्हातारी होत नाही, असा विमाशास्त्राचा उदात्त सिद्धान्त आहे. तथापि लहान गाडीस पहिले 1000 रुपये मालकाने सोसावयाचे, आणि वर्षानुवर्षे सभ्यपणे वागून 50 टक्क्यांपर्यंत चढवलेला नो क्लेम बोनस, जादा हप्ता भरून राखून ठेवलेला नसेल, तर एका खड्यापायी बुडवावयाचा. म्हणजे ज्याची काच फुटते त्याच्यावर विमा कंपनी रुष्ट होते, आणि ज्याने दावा केला नाही त्याची काच फुटलीच नव्हती असे मानून त्याला बक्षीस देते. मामांनी पेन्सिलीने हिशेब मांडून दाखवला. त्यात दावा न करणेच स्वस्त ठरले.

मग निवड. काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक चिमुकला ठसा असतो. निर्मात्याचे नाव, आयएसआय शिक्का, काचेची जात, हा सारा तपशील त्यात असतो, आणि मोटार घेताना आपण तो वाचत नाही. एक काच मोटार कंपनीचे बोधचिन्ह मिरवणारी. दुसरी बहुधा त्याच काचकारखान्यात घडलेली, पण बोधचिन्ह नसलेली, म्हणून स्वस्त. तिसरी लोकल, जिच्यातून रात्री समोरच्या गाडीचा दिवा दोन दिवे होऊन दिसतो. चौथी कुर्ल्याच्या भंगारातली, जिचा पूर्वेतिहास विचारू नये. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो, आणि काच बदलली की त्याची नजरही नव्याने जुळवून घ्यावी लागते. त्याचे बिल वेगळे. मी दुसरीच्या बाजूने कौल दिला. बोधचिन्हासाठी जादा पैसे मोजावेत अशी माझी खानदानी पार्श्वभूमी नाही.

परंतु काच कोणती, यापेक्षा ती बसवणारा हात कोणाचा, हे अधिक महत्त्वाचे. दगड न लागताही, खळगा नसताही, थेट काठापासून तडा सरकत येतो तेव्हा दोष चौकटीकडे शोधावा : मागच्या कारागिराने जुना गोंद नीट तासला नाही, गंज तसाच ठेवून वर नवी काच दाबली, आणि खड्ड्यात गाडीचे अंग पिळले की तो ताण काचेने सोसावयाचा. नुसती काच बदलून चौकट तशीच ठेवणे ही सुधारणेची लोकप्रिय पद्धत आहे, आणि ती केवळ मोटारींपुरती नाही. माझ्या मिस्त्रीने, जो मला शेठ म्हणतो आणि मी त्याला उस्ताद, गंज खरवडला, प्रायमर लावला, पॉलियुरेथेनची वात सारख्या जाडीने फिरवली, आणि बजावले की आजचा दिवस दार आपटू नका, एक काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर आतली हवा नवी काच ढकलील. हा गोंद हवेतील दमटपणा शोषून घट्ट होतो. वरळीच्या हवेचा असा सदुपयोग मी प्रथमच पाहिला. आजवर तिने फक्त पापड आणि पुस्तके बिघडवली होती.

इतके यथासांग पार पडल्यावर जुन्या काचेबरोबर फास्टॅग गेला हे लक्षात आले, कारण तो एकदा उचकटला की बाद होतो; आणि त्याच्याच शेजारी डकवलेला, नोंदणी क्रमांक व इंधनाचा रंग दर्शवणारा स्टिकरही गेला. नव्यासाठी अर्ज दाखल आहे. ऑगस्ट 2025 मध्ये चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला अर्जांविषयी विश्वास आहेच. तोवर पोलिसाने हटकल्यास दाखवावे म्हणून जुन्या काचेचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवले आहे. स्टिकर त्यात उत्तम दिसतो, फक्त तडा नेमका क्रमांकाच्या शेवटल्या दोन अंकांवरून गेलेला आहे.