तात्यांचा बिनखिळ्याचा बंगला

आमच्या तात्यांच्या हातात कुठलीही लाकडी वस्तू आली की ते आधी ती उलटी करतात. टेबल असो, पाट असो, देव्हारा असो (देव आधी बाजूला काढून ठेवतात, तेवढं भान आहे). माझ्या बहिणीच्या सोयरिकीला अकलूजला गेलो, तेव्हा बशीत पोहे गार होत होते आणि तात्या सोफ्याखाली होते. वर आले, हात झटकले आणि एकच शब्द बोलले, "प्लायवूड." सोयरीक जुळली, पण त्या घरी तात्यांना अजून वेगळी खुर्ची देतात. प्लास्टिकची.

तात्यांची उभी हयात साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. स्वतःच्या हातानं त्यांनी काही तासलं असेल, तर ते पेन्सिलीचं टोक. पण आबा, म्हणजे माझे आजोबा, अंथुर्ण्याचे बलुतेदार सुतार. वर्षभर नांगर, कुळव, पाभरी नीट करायच्या आणि सुगीला खळ्यावरून बलुतं आणायचं. त्यांची बैलगाडीची चाकं तात्या अजून बोटांवर मोजून दाखवतात: सहा पुठ्ठे, बारा आरे, मधोमध तुंबा, सगळं बाभळीचं. लोहार लोखंडी धाव तापवून वर चढवायचा. ती गार होताना आवळली जायची आणि लाकडं एकमेकांत गच्च बसायची. "आन् आख्ख्या चाकात खिळा न्हाय!" इथं तात्या थांबतात. ऐकणाऱ्यानं "काय सांगता!" म्हणायची ती जागा असते. न म्हटल्यास चाक पुन्हा पहिल्या पुठ्ठ्यापासून सुरू होतं.

गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरून आक्काआत्याचं बाहुलीघर खाली आलं आणि या चाकाला नवी वाट मिळाली.

त्या घराची कूळकथा अशी. वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात कळंबला साखर कारखाना काढला. त्याचं वालचंदनगर झालं, आणि आमच्या भागातल्या सुतारांना बंगला म्हणजे काय ते जवळून दिसलं. आबा एकदा तिथल्या एका बंगल्याची दारं बसवायला गेले होते. येताना सागाचे उरलेले तुकडे मागून आणले आणि १९६२ साली लेकीला तसाच हातभर बंगला करून दिला. उंबरा, चौकटी, उतरतं छप्पर, पट्टी पट्टी कोरून केलेली कौलं. आमच्या आळीत तेव्हा सगळी माळवदंच होती. म्हणजे उतरत्या छपराखाली आमच्या घरातून पहिली राहायला गेली ती बाहुली.

आता छप्पर एका अंगाला झुकलं होतं, सज्जा गायब होता आणि माजघरात उंदरानं संसार थाटून मोडलेला दिसत होता. माझी मुलगी म्हणाली, "तात्याआजोबा, फेविकॉल लावूया?" तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी आईच्या मागं गेली.

मग आबांची पेटी उघडली. वाकस, पटाशी, गिरमिट, रंधा, खतावणी. एकेक हत्यार फडक्यानं पुसून ओसरीवर मांडलं गेलं. ती मांडामांड आठ दिवस चालली. मिस्त्री म्हणाला, दोन तासांचं काम आहे. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मुलीनं मोबाइलवर वाचून सांगितलं, की बवेरियाच्या ड्यूकानं १५५८ सालीच असं मोठं बाहुलीघर करवून घेतलं होतं. तात्यांनी विचारलं, "खिळं व्हतं का त्यात?"

नवव्या दिवशी छप्पर उचकटलं आणि आत तीन खिळे निघाले. तिन्ही वाकडे. एकाचं डोकं तर पार चेचलेलं.

तात्या जेवले नाहीत. संध्याकाळपासून तपास सुरू झाला. आबांच्या हाताखालचा पोऱ्या, उन्हाळ्याला येणारे मामा, असं करत करत संशय दिवंगत मेव्हण्यांपर्यंत गेला. "ह्याला हातुडी धरायची अक्कल न्हाय," तात्या दर तासाला जाहीर करायचे. "धा वर्सात खिळा गंजतो, ढिला पडतो, आन् लाकडाचं वाटोळं करतो." पुढचे पंधरा दिवस बंगला तसाच बिनछपराचा आणि गुन्हेगार मोकाट.

बेलवाडीचं रिंगण आटोपून तुकोबांची पालखी गावात आली, त्या दिवशी आक्काआत्याही आली. वारकऱ्यांच्या भाकरी थापता थापता तिची नजर ओसरीवर गेली.

"अगं बाई, माझा बंगला! आन् हे खिळं आजून हायती?"

"कुणी ठोकलं?" तात्या उठून उभेच राहिले.

"आरं तूच की! सहा-सात वर्साचा आसशील. आबा जेवायला बसलं, तवर तू हातुडी घिऊन बसलास. मी भोकाड पसरलं."

"मग आबा?"

"काय न्हाय. बघितलं, आन् ऱ्हाऊ द्या म्हणलं."

रस्त्यावरून टाळमृदंगाचा आवाज येत होता. तात्यांनी छप्पर उलटं केलं. चेचलेल्या डोक्याच्या खिळ्यावर अंगठा ठेवून तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दाबून पाहिला. मग ते माझ्याकडे वळले.

"साठ वर्सं झाली," ते म्हणाले, "जरा तरी हाललाय का?"