मुंबईकरांचा गुंठा

अवसरी खुर्दच्या दर आळीत एखादा तरी निवृत्त मुंबईकर असतो. उभी नोकरी मुंबईत काढलेली, फंडाच्या पैशातून गावच्या घरावर स्लॅब टाकलेला आणि स्लॅब वाळायच्या आत मागच्या दारी गुंठाभर परसबाग आखलेली. धाकट्या भावाचं चार एकर बागायत रान बांधाला बांध लागून असतं. त्याकडे मुंबईकर ढुंकूनही बघत नाहीत. 'ती रासायनिक.'

माघ सरत आला की पहाटे हुडहुडी आणि दुपारी चटका. भाऊ बटाटे काढायला मजूर मिळवण्यासाठी वणवण फिरत असतो. मुंबईकर कानटोपी घालून, जवळचा चष्मा लावून भेंडीच्या आळ्यापाशी उकिडवे बसलेले असतात. बी 'परभणी क्रांती', रात्रभर भिजवून टोकलेलं, तारीख डायरीत. थंडीत भेंडी उगवायला आळस करते हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. मुंबईकर मात्र रोज बोटाने माती उकरतात, बी जागेवर आहे ना बघतात आणि पुन्हा पुरतात. एवढ्या तपासणीतूनही जे बी उगवतं, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

खर्चाचं म्हणाल, तर चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. हिरवी शेडनेट, कोकोपीट, पिवळे चिकट सापळे, सगळं आलं. जीवामृताचं प्रमाण एकराला 200 लिटर, म्हणजे गुंठ्याला पाच लिटर झाले. पण मुंबईकर कमी मापाचं काही करत नाहीत. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, काकूंच्या डब्यातलं बेसन आणि अख्खं पिंप! रोपांना पाच लिटर मिळतं, बाकीच्याचा वास आळीला. काकू म्हणतात, ''पिठलं करायला बेसन नाही घरात. झाडांनाच विचारा आता, जेवायला काय देता ते.''

गावात 2009 साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, ते मुंबईकरांच्या मते त्यांना श्रोते मिळावेत म्हणूनच. रस्त्याने जाणारा विद्यार्थी हेरून ते त्याला सलाईनच्या नळीचं ठिबक समजावून सांगतात. पोरगं बिचारं मान डोलावतं, कारण उन्हात तेवढीच शेडनेटची सावली.

फाल्गुनात दुधीला फुलं आली. दोन दिवस फोटो सगळ्या नातेवाइकांना गेले. तिसऱ्या दिवशी फुलं गळाली. कुणाची तरी दृष्ट, असं ठरलं आणि मांडवाला जुनी चप्पल लटकली. शेवटी भावाने हळूच सांगितलं, ''दादा, ही नर फुलं हायेत. आधी हीच येतात. मादी फुलामागं बारका दुधी दिसल, तवा खरं.''

तेव्हापासून परागीभवन मुंबईकरांनी स्वतःकडे घेतलं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि इकडे तीच बिबट्याची वेळ. जुन्नर-आंबेगावात उसाकडेची माणसं दिवेलागणीला पोरं-शेरडं आत घेतात. नेमके त्याच वेळी मुंबईकर नातवाचा रंगाचा ब्रश घेऊन मागच्या दारी. काकू दारात उभ्या राहून ताट बडवतात. बिबट्या अजून आलेला नाही, ताटाला मात्र पोचे पडलेत.

एक दिवस मंचरला मेथीच्या शेकड्याचा भाव इतका कोसळला, की काढणीची मजुरीही सुटेना. भावाने उभ्या मेथीत रोटर फिरवला. त्याच संध्याकाळी मुंबईकर पहिली मेथी खुडून आळीत वाटत होते, एकेका घराला मूठभर. भावालाही दिली. ''घरची आहे. विषमुक्त.'' भावाने रोटरच्या मातीने भरलेले हात पँटीला पुसले, जुडी घेतली आणि म्हणाला, ''लई ग्वाड लागंल, दादा.'' दुसरा कुणी असता तर जुडी तोंडावर फेकली असती.

आता वांगी धरलीत, मांजरी गोटा, चांगली मुठीएवढी. घरी खायची कुणाची टाप नाही; ती लेकाकडे जायची. लेक राहतो वाशीला, बाजार समितीपासून हाकेच्या अंतरावर. भावाचा कोथिंबिरीचा टेम्पो रात्री वाशीलाच निघतो. मुंबईकर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच वांगी घेऊन ड्रायव्हरपाशी येतात.

''वर काही ठेवू नको हां.''

''नाही ठेवत, नाना.''

''आणि खालीही नको. मांडीवर घे.''

ड्रायव्हर मागच्या कोथिंबिरीच्या ढिगाकडे बघतो, पिशवी मांडीवर घेतो आणि गाडी चालू करतो.