पाणी चढवलेली राणी

ज्या घरात राणीछाप रुपया आहे, त्या घरात ‘याला आज फार किंमत येईल’ ही समजूतही असतेच. त्यातून त्या रुपयाला कुणी सोन्याचं पाणी चढवलेलं असेल, तर समजुतीलाही चढतं. चांदी अधिक सोनं, साधी बेरीज! बाजारात मात्र ही बेरीज वजाबाकीसारखी वागते.

आमच्या मावशीकडे अशा रुपयांची माळ आहे. तिच्या आजेसासूबाईंची. सोन्याच्या पुतळ्यांची ऐपत नसावी, म्हणून चांदीच्या रुपयांना कड्या डाकवल्या, वर मुलामा दिला आणि लग्नकार्यात लांबून बघणाऱ्यांची सोय केली. आता मुलामा उडालाय, पण सगळीकडून सारखा नाही. नाण्याचा जो भाग उंच, तिथलं सोनं आधी जातं. त्यामुळे व्हिक्टोरियाबाईंचं नाक आणि गाल पांढरेफटक, आणि मुकुटाच्या खाचाखोचांत अजून पिवळं साम्राज्य शाबूत.

माळ घेऊन आम्ही सराफाकडे गेलो. सराफाने भिंग काढलं नाही, काटा काढला. तिथेच मला अंदाज आला.

त्याचा हिशेब सरळ होता. १८३५ पासून कंपनीचा आणि पुढे राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या मापाने बरोबर एक तोळा. (हल्लीचा तोळा १० ग्रॅमचा, तेवढ्यापुरती तरी राणी वधारली म्हणायची.) त्यात ११ भाग चांदी, १ भाग तांबं. म्हणजे शुद्ध चांदी जेमतेम १०.७ ग्रॅम. त्यातून झीज वजा, डाक वजा. ‘‘आणि सोनं?’’ मावशीने विचारलं. सराफ नुसता हसला. ते हसू मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. रुपयाच्या दोन्ही बाजू आणि कड धरून पृष्ठभाग भरतो साधारण साडेसोळा चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मायक्रॉनचा थर दिला, तर सोनं लागतं सुमारे ३२ मिलिग्रॅम. नुसतं पाणी दाखवलं असेल आणि थर त्याच्या दहाव्या हिश्शाचा असेल, तर तीनच मिलिग्रॅम! ते खरवडून काढायची मजुरी सोन्याहून जड.

नाणी जमवणाऱ्यांकडे तर आणखी पंचाईत. त्यांना नाणं जसं टाकसाळीतून निघालं आणि हातोहात फिरलं, तसं हवं असतं. काळवंडलेलं असलं तरी चालतं, किंबहुना आवडतं. मुलामा, पॉलिश, डाकाचा डाग यांतलं एक जरी दिसलं तरी ते नाणं त्यांच्या लेखी जखमी. मुलामा उतरवला तरी खालचा मूळ पृष्ठभाग परत येत नाही. माळेत एखादा १९३९चा, मुंबई टाकसाळीचा दुर्मीळ रुपया निघाला असता, तरी कडी पाहून त्यांनी आधी सुस्काराच टाकला असता. गंमत म्हणजे माळेत अडकल्यामुळेच ही नाणी बाजारात झिजली नाहीत. जिने जपलं तिनेच किंमत घालवली, असा हा मामला.

मुलाम्याने चांदीची किंमत खरोखर वाढवलेली एक हकिकत मला ठाऊक आहे, पण ती इंग्लंडातली आणि लबाडीची. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली, म्हणून नवी नाणी निघाली. त्यातलं चांदीचं सहा पेनी आणि सोन्याचं अर्धं सॉव्हरिन दिसायला जवळजवळ जुळी भावंडं. आणि सहा पेनीवर किंमत लिहायचीच राहिली! चलाख मंडळींनी सहा पेनीला सोन्याचं पाणी दिलं आणि ते दहा शिलिंगांना, म्हणजे वीसपट भावाने खपवलं. सरकारने त्याच वर्षी घाईघाईने नक्षी बदलून नाण्यावर ‘सहा पेन्स’ असं अक्षरांत कोरलं. मावशीच्या आजेसासूबाईंना हा धंदा माहीत असता, तर माळेचं चीज झालं असतं. पण त्या पडल्या सरळमार्गी.

सराफाने शेवटी आकडा सांगितला. चांदीचा भाव चढता असल्याने तो अगदीच टाकाऊ नव्हता. पण मावशीच्या मनातल्या आकड्यापुढे तो पोरका वाटला.

‘‘मोडायची का मग, काकू?’’ सराफाने विचारलं.

‘‘छे हो,’’ मावशी म्हणाली. ‘‘पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. या नाकांवर पुन्हा पाणी चढवून द्या. मजुरी किती घ्याल?’’